अडुसष्ट, अन् एक

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही नीट जमत नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं. छापणाऱ्यांनी चुका दुरुस्त करून घ्याव्या. नाव मात्र छापू नये. मी चार माणसांत बोलत नाही... भाजीवाल्यालाही भाव विचारायला मला लाज वाटते. हे लिहून राहिले ते घरात कोणाला सांगितलं नाही. होस्टेलच्या हिशेबाची एक जुनी वही आहे, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते.

तुमच्या मासिकात शेवटी वाचकांचे अनुभव येतात. भाची आणते, मी बोट ठेवून ठेवून वाचते. खरं सांगायचं तर वाचून हसायची. कोणाला वडाखाली बाई दिसली, कोणाच्या घरात भांडी वाजली... आमच्याकडे हे कधी मानलंच नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते. भूत-भानामती, अंगात येणं, लिंबू-मिरची, आमच्या वडिलांनी यातलं काही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मीही मानत नाही. आजही नाही. जे झालं तेवढंच सांगते.

मी गडचिरोलीला राहते. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं छोटी सांदवाडी. सांदवाडीत नळ आणि शेवग्याचं एक झाड. माझे मालक वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुलींच्या एका होस्टेलात मी स्वयंपाक करते. मे महिन्यात होस्टेल बंद असतं, म्हणून महिनाभर मी घरीच असते.

माझ्यासोबत माझ्या भावाची मुलगी राहते, प्रणाली. भाऊ सावली गावाला असतो. ही पोरगी कॉम्प्युटर शिकली, पुण्याला नोकरीला लागली, चार वर्षं राहिली आणि एक दिवस बॅग घेऊन माझ्या दारात उभी. म्हणाली, "आत्या, मले तिथी करमत नाई. इथीच काहीतरी करतो." भाऊ फोनवर चिडला. मी भाताच्या गंजात अजून एक मूठ तांदूळ टाकला.

तिचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जंगलाचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. त्यांना भामरागडकडच्या जंगलातले पावसाळ्याचे आवाज पाहिजे होते. बेडूक, पाखरं, नाल्याचं पाणी, सगळं. पण पावसाळ्यात तिकडं जायचं कसं? नद्या चढल्या की रस्ता बंद. मग जूनच्या आधी झाडांवर पेट्या बांधून यायच्या आणि पाणी उतरल्यावर काढून आणायच्या. मधले चार महिने पेटीनं आपली आपणच ऐकायचं आणि लिहून ठेवायचं. आवाज "लिहितात" हे मला प्रणालीकडून कळलं. पेटीत मेमरी कार्ड असतं, त्यावर लिहितात. अशा बारा पेट्या तिला करून द्यायच्या होत्या. आतला प्रोग्राम तिचा, आणि बॅटऱ्या, तारा, डबे बसवून द्यायला चौकातले रफिकभाऊ. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे.

संस्था पैसे देणार होती ती आवाज नीट हातात पडल्यावर. तोवर सामान आणायचं कशानं? तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा बचतगटाच्या बैठकीत तोंड उघडलं. म्हणाले, मला कर्ज पाहिजे. सगळ्या बाया माझ्याकडे वळून पाहायला लागल्या. आमच्या अध्यक्ष शेवंताबाई म्हणाल्या, "घे बाई, तू कधी मांगत नाईस. पण दिवाळीनंतर कल्पनाचा नंबर हाये, तिले मोटरची शिलाई मशीन घ्याची हाये. तेवढ्यात आलं पाह्यजे." मी मान हलवली. कल्पना माझ्या बाजूलाच बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पोरीच्या कामाचं मला फार कळत नव्हतं, पण ते पैसे कल्पनाचे आहेत हे कळत होतं.

आणि मे महिन्यात पेट्या बिघडायला लागल्या.

आमच्या सांदवाडीत शेवग्याला एक-एक पेटी बांधून प्रणाली तपासत होती. कोणती पेटी आठ दिवस बरी चाले, कोणती दुसऱ्याच दिवशी बंद. आत फाईल खराब. कार्ड बदललं, रफिकभाऊंनी तारा बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या... तेच. पोरगी जेवताना ताटात बघत बसायची. एक दिवस मी विचारलं, "मले सांग तं, काय होऊन राह्यलं?"

"तुले काय सांगू आत्या..."

"सांग ना. नाई समजलं तं नाई समजलं."

तिनं पोळीचा तुकडा मोडला. "हे पाय. आवाज येत राह्यते, तो साचत जाते. साचून साचून मोठा ढीग झाला की कार्डावर लिहाचा. पण कार्ड एका खेपेले ठराविकच घेते. त्याच्यावर एक दाणा जास्त दिला तरी घेत नाई, पूर्णच वापस करते. म्हणून मी तो ढीग फोडतो. कार्डाच्या मापाचे तुकडे करतो अन् एकामागं एक देतो."

"म्हंजे पुडे बांधते."

ती आधी समजली नाही. मग हसली. खूप दिवसांनी हसली. "हाव! पुडेच बांधतो."

माझं लहानपण धानोऱ्याकडच्या गावात गेलं. मे महिना म्हणजे तेंदूची पानं. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून आणायची, दुपारभर ओसरीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग ते फळीवर न्यायचे. गावाबाहेरच्या ज्या मैदानात पुडे मोजून घेतात आणि उन्हात वाळवतात, तिला आम्ही फळी म्हणतो. तिथं ठेकेदाराचा मुन्शी बसायचा. सत्तरच्या मापाशिवाय तो पुडा घेत नसे. तेव्हापासून आमच्या घरात त्या कार्डाचं नाव मुन्शी पडलं. "आज मुन्शी काय म्हनते?" मी विचारायची. प्रणाली म्हणायची, "मुन्शी म्हनते सगळे पुडे भेटले. पण मी मोजतो तं माल कमी भरते."

बिघाड झाला की आवाजात एक बारीक "टक्" येत होतं. तिथं काहीतरी गळालेलं असायचं, आणि मग त्याच्या पुढचं सगळं जागेवरून सरकून जायचं. ते टक् नेमकं कधी येतं हे शोधायचं होतं. कॉम्प्युटरच्या मशीननं शोधता येत नव्हतं का, तर येत होतं, पण झाडावरून शेंग पडली तरी टक्, किडा वाजला तरी टक्. प्रणालीनं माझ्या कानाला हेडफोन लावला. "तुह्या कानाले कळन आत्या. बाहेरचं टक् कोनतं अन् आतलं कोनतं. आतलं आलं की पडद्यावरची वेळ लिहून ठेव."

आकडे मला लिहिता येतात. मी बसले.

खोटं कशाला सांगू, मला ते काम फार आवडलं. बाहेर ऊन रणरणत असायचं, आत कूलर लावलेला, मी खाटेवर बसून तांदूळ निवडायची आणि कानात आपलीच सांदवाडी ऐकायची. नळाची धार. शेजारच्यांची बकरी. भारद्वाज एक आहे, तो नेहमी शेवग्याखाली येऊन घुमतो. रोज कानावर पडणाऱ्या गोष्टी, पण मी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या. मधेच आतलं टक् यायचं. कळायचं लगेच, त्याला जागा नसायची. बाहेरचा आवाज कुठून तरी येतो, हा कुठूनच येत नसे.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजून गेले होते. प्रणाली रफिकभाऊंच्या दुकानात गेली होती. मी सात नंबरच्या पेटीतला आवाज लावला. दोन दिवसांपूर्वी दुपारीच ती पेटी शेवग्याला होती. त्या दिवशी मी घरीच होते. सांदवाडीत कोणी आलं नव्हतं, तिकडं जायचा रस्ता माझ्याच घरातून आहे.

आधी बकरी. मग कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग थोडा वेळ काही नाही.

मग पानांचा आवाज.

झाडाच्या पानांचा नाही. तोडलेल्या पानांचा. ओलं तेंदूचं पान मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट करतात ना, त्याचा एक आवाज असतो. कापड इस्त्री करावं तसा, पण ओलसर. ज्यानं ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही, ज्यानं ऐकला त्याला सांगायची गरज नाही. माझा हात तांदळाच्या सुपात तसाच राहिला.

आणि एक बाई मोजायला लागली.

"...चौसष्ट... पासष्ट... सहासष्ट... सदुसष्ट... अडुसष्ट... अन् एक..."

टक्.

आणि पुढं भारद्वाज घुमायला लागला.

ती माझी आई होती. आई वारली त्याला बारा वर्षं झाली.

"आवाज सारखा असेल" असं तुम्ही म्हणाल. म्हणून आईच्या मोजण्याचं सांगते. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. माझ्या वडिलांचं नाव सत्तू. आता सत्तर म्हणायचं तर अर्धं नाव तोंडात येतंच. आणि एकोणसत्तर म्हटलं तरी सत्तर आलंच. म्हणून सत्तावीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न गाळून तिथं नुसतं "अन् एक" म्हणत आई अडुसष्टपर्यंत यायची आणि शेवटी म्हणायची, "अन् एक... अन् एक." झाला पुडा. पुऱ्या गावात असं मोजणारी बाई ती एकटी.

त्यावरून एकदा फळीवर मोठी गंमत झाली होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मुन्शी बाहेरून आलेला, नवीन. त्यानं आईचा एक पुडा सोडला आणि म्हणाला, मोठ्यानं मोजून दाखवा. आईनं मोजलं. "सदुसष्ट, अडुसष्ट, अन् एक, अन् एक."

मुन्शी म्हणाला, "अडुसष्टच? दोन कमी आहेत."

"कमी कायले राह्यतील? मोजले ना तुमच्यापुढं."

"मग आकडा सांगा."

"अन् एक, अन् एक. झाले ना!"

"अहो बाई, आकडा!"

आई पदर तोंडाशी धरून उभी. रांगेतल्या बाया हसून हसून खाली बसल्या. एक जण म्हणाली, "मुन्शीबाबू, तिले नका सतावू, तिच्या मानसाचं नाव हाये ते!" मुन्शीला काही कळेना. नाव कशात आहे, पानात की आकड्यात? तो आईचे सगळे पुडे बाजूला काढायला लागला. मला रडू आलं आणि मी ओरडले, "सत्तर! सत्तर हायेत!"

पाठीत धपाटा बसला. "बापाचं नाव घेते!"

मग मुन्शीही हसला आणि पुडे घेतले. चार माणसांत मी मोठ्यानं बोलले ती बहुतेक तीच एक वेळ.

तर सांगत काय होते... कानात आई मोजत होती. मला भीती वाटली नाही. हे मी वारंवार आठवून पाहिलंय, भीती नव्हती. छातीत ऊब आल्यासारखं झालं, थंडीत कोणी घोंगडं टाकावं तसं. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ काय वाटलं असेल? राग आला. आई एकदाच "अन् एक" म्हणाली होती. मी दुसऱ्याची वाट पाहत होते. ते आलंच नाही. आई असा एक पान कमी पुडा बांधणारी बाई नव्हती. कधीच नाही, ताप असतानासुद्धा नाही.

मी मागं करून पुन्हा लावलं. बकरी आली, कुकर आला. मग काही नाही. मग टक्. मग भारद्वाज. आई नव्हती. पुन्हा लावलं. नाही. पाच-सहा वेळा लावलं. टक् तेवढं दर वेळी त्याच जागी.

कागदावर वेळ लिहिली आणि पुढं फक्त "आई" लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

प्रणाली चारला आली. उन्हानं लाल झालेली, तोंड उतरलेलं. म्हणाली, रफिकभाऊंनीही हात टेकले. म्हणाली, "आत्या, आठ दिवसांत गाडी भामरागडले जाते. नाई जमलं तं मी त्यांना नाई म्हनून सांगतो. पुण्याले एक मैत्रीन नोकरी पाहून राह्यली माह्यासाठी. तुह्या बचतगटाचे पैसे मी पगारातून फेडतो, थोडे थोडे." थोडे थोडे म्हणजे दिवाळी निघून जाणार होती. मला कल्पनाचा हात आठवला, गुडघ्यावरचा.

सांगू की नको असं करत मी चहा ठेवला. उकळला, कपात ओतला, आणि तिच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं.

तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, ऊन लागलं तुले. झोपली होती काय थोडी?"

"झोपली असन. मी कुठी नाई म्हनतो? पण एक राह्यला."

"काय राह्यला?"

"शेवटचा. आई दोनदा म्हने, अन् एक, अन् एक. इथी एकदाच म्हटलं, अन् टक् झालं. दुसरा आलाच नाई."

"एकच राह्यला?"

"हाव. शेवटचा एकच."

ती कप हातात धरून बसली. चहा पिईना. मग कप खाली ठेवून आत गेली आणि मशीनसमोर बसली. मी भाजी चिरली. दिवेलागणीच्या सुमारास आतून अशी ओरडली की मला वाटलं विजेचा शॉक बसला.

मी धावत गेले. ती कपाळावर हात मारत होती आणि हसत होती. "पाय! पाय हे! ढीग फोडून फोडून देल्यावर शेवटी काही उरते ना, त्याच्यासाठी मी लिहिलं हाये, उरलेलं एकाहून जास्त असलं तं अजून एक पुडा बांध. एकाहून जास्त! बरोब्बर एकच उरला तं? तं सोडूनच देते. अन् वरून सांगते, सगळं लिहिलं म्हनून!"

"मग आतापर्यंत काऊन नाई दिसलं?"

"पन्नासदा वाचली ही ओळ मी! दोन उरले, दहा उरले, अर्धा पुडा उरला, काहीच नाई उरलं, सगळं करून पाह्यलं. एक उरला तं काय होते हे तेवढं नाई पाह्यलं. अन् तसं रोज होत बी नाई. कधीतरीच एक उरते. म्हनून एक पेटी आठ दिवस चालते अन् एक दुसऱ्याच दिवशी बसते."

मी म्हटलं, "एका पानाचा पुडा कोन बांधते? आमच्या मुन्शीनं तं फेकून देला असता."

"हा मुन्शी घेते आत्या. एका पानाचा बी घेते. मीच देत नव्हती."

तिनं ती ओळ दुरुस्त केली. रात्री आम्ही दोघींनी पोटभर जेवण केलं, इतकंच सांगते.

इथपर्यंतचं कोणी म्हणेल, तेंदूचा हंगाम, रोज पुड्याच्या गप्पा, दुपारचं ऊन, आईची आठवण... बाईला भास झाला आणि योगायोगानं उपयोगी पडला. मीही तेच म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली माझा तो वेळा लिहिलेला कागद घेऊन आली. 

"आत्या, ह्या जागी तू 'आई' लिहिलं. आजी किती म्हणाली होती?"

"अडुसष्ट, अन् एक."

"म्हंजे एकोणसत्तर."

"हाव. अन् सत्तरावं राह्यलं."

ती खाटेवर माझ्या बाजूला बसली. रात्री तिनं प्रत्येक टक्‌च्या जागेचा ढीग किती मोठा होता ते काढलं होतं. कुठं बारा पूर्ण पुडे झाले होते आणि वर एक दाणा उरला होता. कुठं एकतीस आणि एक. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा. आणि जिथं मी आई लिहिलं होतं तिथं बरोबर एकोणसत्तर पुडे झाले होते. सत्तरावा बांधलाच गेला नव्हता.

"मी तुले हा आकडा सांगितला होता काय?" तिनं विचारलं.

कसा सांगणार? तिलाच तो आदल्या रात्री कळला. पेटीत तो कुठं लिहिलेला नव्हता, गणित करून काढावा लागला. आणि मला ते गणित तुम्ही शंभरदा समजावलं तरी येणार नाही.

रफिकभाऊ संध्याकाळी पेट्या न्यायला आले. प्रणालीच्या पोटात राहीना, तिनं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, बाजूच्या घरचा टीव्ही असंल. पेटीनं पकडला."

मी दाराआडून म्हटलं, "टीव्हीत तेंदूची पानं कोन मोजते, भाऊ?"

"आजकाल टीव्हीत कायबी दाखवतात हो. परवा तं एक जन दोन घंटे नुसता कांदा कापून राह्यला होता."

आम्ही हसलो. ते पेट्या उचलून निघाले आणि फाटकापाशी थांबले. हसायचे थांबून विचारलं, "ते कार्ड अजून हाये काय? पुसू नका बरं. आमच्या अम्मीचा आवाज नाई माह्यापाशी... कुठीच नाई."

कार्ड पुसलं नाही. प्रणालीनं ते वेगळं ठेवलंय. तिनं तो तुकडा मशीनवर मोठा करून, बारीक करून, हळू लावून पाहिला. माणसाचा आवाज त्यात नाही. पानांचाही नाही. थोडा वारा आहे आणि टक् आहे.

मी अधूनमधून एकच विचार करते. आई दुसरं "अन् एक" म्हणालीच असणार. ती कमी मोजणारी नव्हती. पेटीनं ते लिहिलं नाही. आणि जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून काढणार? प्रणालीला विचारलं तर म्हणते, जे गळालं ते गळालं, ते कुठंच नाही. पण मग मला जे ऐकू आलं, ते तरी कुठं होतं? तेही कार्डात नाही.  वाचणाऱ्यांपैकी कोणाला समजलं तर कळवावं. मला कोणी वेडी म्हटलं तरी चालेल, मला त्याचं वाईट वाटणार नाही. ती दुपार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारींपैकी एक आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पेट्या भामरागडला गेल्या. त्या वर्षी पाऊस असा लागला की पुलांवरून पाणी, बस बंद, चार-चार दिवस तिकडची काही खबर नाही. प्रणाली ओसरीत बसून आभाळाकडं पाहायची. म्हणायची, पेटी लिहून राह्यली असन काय वं? मी म्हणायची, लिहून राह्यली असन. दिवाळीच्या आधी पाणी उतरलं आणि पेट्या आल्या. बारापैकी एकीत मुंग्यांनी घर केलं होतं, तिचं काही राहिलं नाही. अकरा पेट्यांमधला आवाज पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सलग निघाला. संस्थेच्या माणसांनी महिनाभर तपासला आणि पैसे पाठवले. पुढच्या वर्षाचं कामही दिलं. पुण्याच्या मैत्रिणीला प्रणालीनं फोन करून नाही सांगितलं. भाऊ अजून थोडा चिडलेला आहे, पण सणाला येऊन जेवून गेला.

दिवाळीनंतरच्या बैठकीला मी पैसे रुमालात बांधून नेले. मुद्दल, व्याज, सगळं. शेवंताबाईंनी मोजले, पुन्हा मोजले, आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "तूच लिही वं आज. तुले येते ना लिहाले."

सगळ्या बाया पाहून राहिल्या होत्या.  मी माझ्या नावापुढं, माझ्या वाईट अक्षरात, हळूहळू लिहिलं — पूर्ण फेड झाली. शेवंताबाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि तेच पैसे, रुमालासकट, कल्पनाच्या ओटीत ठेवले.